मोटारीच्या पोटांत शिरलेलें पाणी



२०२३ सालच्या सप्टेंबर महिन्याची २३ तारीख नागपूरकरांच्या स्मरणांतून सहजासहजीं जाणारी नाहीं. आदल्या मध्यरात्रीनंतर पावसानें जो जोर धरला, तो उजाडेपर्यंत सोडला नाहीं. त्या थोड्या तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस शहरावर कोसळला. म्हणजे वर्षभरांत जेवढें पाणी या नगरीच्या वांट्यास येतें, त्याचा सुमारें दहावा हिस्सा एका रात्रींत पदरांत पडला. अंबाझरीचा तलाव तुडुंब भरून सांडूं लागला आणि नाग नदी आपलें पात्र सोडून वस्त्यांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, धरमपेठ, सीताबर्डी या भागांत लोक झोपेंतून उठले ते पाण्यांतच. मोरभवनच्या स्थानकावर एस. टी.च्या गाड्या उभ्या जागीं बुडाल्या. ज्या रस्त्यांवर एरव्हीं मोटारींची रांग हलत नाहीं, तेथें त्या दिवशीं बचाव-पथकांच्या नौका फिरल्या. लष्करासहि पाचारण करावें लागलें. किमान चार माणसें प्राणास मुकलीं.

या सर्व अनर्थापुढें मोटारगाड्यांचें नुकसान ही गोष्ट गौण होय, हें मी आरंभींच मान्य करतों. माणसांचे जीव गेले, गरिबांचीं धान्यें भिजलीं, तेथें गाडीच्या इंजिनाचें रडगाणें काय गावयाचें! तथापि त्या पुरांत हजारों गाड्या बुडाल्या, आणि ज्या बुडाल्या त्यांपैकीं कित्येक पाण्यानें मेल्या नाहींत. पाणी ओसरल्यावर त्यांच्या मालकांनीं आपल्या हातानें त्यांचा प्राण घेतला. ही हत्या अजाणतेपणीं घडते, आणि ती घडवून आणणाऱ्यांत एकदां माझाहि वांटा होता. म्हणून या विषयाचा पूर्वेतिहास शोधण्याची मला बुद्धि झाली.

रामदासपेठ ही नाग नदीच्या अगदीं कांठची वस्ती. पंचशील चौकाकडून जातांना पुलाखालून जी काळी रेघ वाहते, ती ज्या नदीवरून या शहरास नांव मिळालें तीच नदी, हें परगांवच्या पाहुण्यास सांगावें तर तो हंसतो. आमच्याच घरांतलीं मुलें तिला नाला म्हणतात. त्या रात्रीं तिनें आपलें नदीपण दाखविलें. सकाळीं पाणी ओसरलें तेव्हां आमच्या गल्लींतील घरांच्या तळमजल्यावर, जेथें गाड्या उभ्या करतात तेथें, चिखलाचा वीतभर थर बसला होता, आणि भिंतींवर मातकट पाण्यानें ओढलेली आडवी रेघ मोटारींच्या बॉनेटच्या वर गेलेली दिसत होती.

आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आपल्या गाडीजवळ उभे होते. गाडी तीन वर्षांची, मुलानें बापासाठीं घेतलेली. ती केवळ पत्नीस दवाखान्यांत नेण्या-आणण्यासाठीं वापरावयाची असा त्यांचा नियम. त्यांनीं दारें उघडून आंतलें पाणी उपसलें होतें, आसनें पुसलीं होतीं. आम्ही पांचसहा जण भोंवतीं जमलों. ते मला म्हणाले, "गुरुजी, एकदां लावून पाहूं का?" मी म्हणालों, "पाहा कीं! पाणी तर उतरलेंच आहे." 

त्यांनीं किल्ली फिरविली. टक् असा एकच जाड आवाज झाला, जणूं कोणी लोखंडी ऐरणीवर लाकडी ठोकळा आपटावा. दुसऱ्यांदा तेंच. तिसऱ्यांदा इंजिन धडधडून फिरलें, दोनचार आचके दिले, मागच्या नळींतून पांढरा धूर व पाणी ओकलें आणि थांबलें. कोणी तरी आनंदानें "आली, आली!" असें ओरडलें. पुढें एका मिस्त्रीनें पाणी काढून तेल बदलून गाडी चालू करून दिली. चालतांना एक बारीक खटखट येई, एवढेंच. पांच आठवड्यांनीं वर्धा रोडवर तीच गाडी भर रहदारींत मोठा आवाज करून बंद पडली, आणि खालीं रस्त्यावर तेलाचें थारोळें झालें. इंजिनाच्या आंतला एक दांडा मोडून त्यानें इंजिनाची भिंत फोडली होती. त्याचें मूळ त्या सकाळच्या तिसऱ्या आचक्यांत होतें.

हें कसें झालें तें समजण्यासाठीं पाण्याचा एक स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. हवा दाबली असतां दबते. पाणी दबत नाहीं. फ्लॉरेन्स नगरांतील विद्वानांच्या मंडळानें सतराव्या शतकांत हा प्रयोग करून पाहिला होता, आणि त्याचा वृत्तान्त १६६७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं धातूच्या पोकळ गोळ्यांत पाणी भरून तोंड पक्कें बंद केलें व गोळा ठोकून चेपण्याचा यत्न केला. पाणी आंखडण्याऐवजीं धातूंतून दंवासारखें पाझरून बाहेर आलें. पुढें १७६२ च्या सुमारास जॉन कँटन या इंग्रज शाळामास्तरानें पाणीहि यत्किंचित् दबतें असें सिद्ध केलें खरें, (शाळामास्तरांच्या नांवावर असे शोध फार नाहींत, म्हणून त्याचा व्यवसाय आवर्जून सांगतों) परंतु तें प्रमाण इतकें अल्प कीं, वातावरणाच्या एका दाबानें वीस हजारांत सुमारें एक भाग आकुंचन. लोहारकामास तें शून्यच होय.

आतां ज्या यंत्रांत एक दट्ट्या नळकांड्यांत मागेंपुढें सरकतो, त्या यंत्रास या गुणाचें भय असलेंच पाहिजे. हें भय मोटारीच्या जन्माहून जुनें आहे. नागपुरास आगगाडी आली १८६७ सालीं. वाफेचें इंजिन ज्यांनीं स्थानकावर उभें पाहिलें आहे त्यांस आठवत असेल कीं, गाडी हलतांना प्रथम त्याच्या चाकांजवळून दोन्ही अंगांस पांढऱ्या वाफेचे झोत फुसफुसत बाहेर पडत. फलाटावरचीं मुलें भिऊन मागें सरत. आम्हांस वाटे, इंजिनानें हा रुबाब केला. वस्तुतः तो रुबाब नव्हे, सावधपणा होता. इंजिन थंड उभें असतां नळकांड्यांत वाफेचें पाणी होऊन सांचतें. तें न काढतां दट्ट्या ढकलला तर नळकांड्याचें टोंकाचें झांकण उडतें, नाहीं तर दांडा वांकतो. म्हणून नळकांड्याच्या बुडाशीं तोट्या बसविलेल्या असत, आणि ड्रायव्हर त्या उघडूनच गाडी हलवी. बाष्पपात्रांत पाणी प्रमाणाबाहेर भरलें तर चालत्या गाडींतहि पाणी नळकांड्यांत येई. त्यासहि याच तोट्यांचा उपाय. म्हणजे आमच्या गल्लींत जें घडलें त्याचें निदान आणि निवारण हीं दोन्ही वाफेच्या ड्रायव्हरांस ठाऊक होतीं. तोट्या उघडल्याशिवाय गाडी हलवावयाची नाहीं, हा धडा त्या नोकरींत पहिल्याच दिवशीं मिळत असला पाहिजे.

मग मोटार आली. निकोलस ऑटो यानें चार फेऱ्यांचें इंजिन १८७६ सालीं सिद्ध केलें, आणि कार्ल बेंझ यानें आपल्या तीन चाकी गाडीचा हक्क १८८६ सालच्या जानेवारींत नोंदविला. या इंजिनांत दट्ट्या खालीं येतांना हवा व पेट्रोलची वाफ आंत ओढतो, वर जातांना तें मिश्रण दाबतो, ठिणगी पडून स्फोट होतो, आणि शेवटच्या फेरींत धूर बाहेर जातो. आपला विषय आहे तो दुसऱ्या फेरीचा. दट्ट्या अगदीं वर गेला म्हणजे त्याच्या डोक्यावर थोडीशी मोकळी जागा उरते. ओढलेली सारी हवा तेवढ्या जागेंत कोंबली जाते. तेथें हवेऐवजीं पाणी असेल, आणि तें त्या जागेहून अधिक असेल, तर दट्ट्यास वर जाण्यास वाटच उरत नाहीं. पण खालचा दांडा तर त्यास वर ढकलीत असतो. पाणी माघार घेत नाहीं. म्हणून दांडा वांकतो.

ही जागा किती, याचा हिशेब श्रोत्यांनीं माझ्याबरोबर करावा. आठव्या इयत्तेचें गणित आहे. फोर्डची १९०८ सालीं निघालेली सुप्रसिद्ध टी नमुन्याची गाडी घ्या. तिचें इंजिन सुमारें २.९ लिटरचें, नळकांडीं चार. म्हणजे एकेका नळकांड्याच्या वांट्यास सुमारें ७२५ घन सेंटिमीटर. दाब मिश्रणाच्या आकाराच्या सुमारें चौपट ते साडेचौपट. तेव्हां दट्ट्यावर उरणारी जागा दोनशे घन सेंटिमीटरांहून जास्त. एक चहाचा मोठा पेला भरेल एवढी. आतां आजची १२०० घन सेंटिमीटरांची लहान गाडी घ्या. एकेका नळकांड्यांत ३०० घन सेंटिमीटर, दाब दहापट. उरणारी जागा ३०० भागिले ९, म्हणजे अवघी ३३ घन सेंटिमीटर. देवापुढच्या पळीनें आचमन करावें तशा कांहीं पळ्या पाणी आंत गेलें कीं ती जागा भरली. तेवढ्याच मापाचें डिझेल इंजिन असेल आणि दाब सोळापट असेल, तर जागा केवळ २० घन सेंटिमीटर! शतकभराच्या सुधारणेनें इंजिन लहान झालें, बळकट झालें, थोड्या तेलांत अधिक धांवूं लागलें. पण पाणी सहन करण्याची त्याची ऐपत पेल्यावरून पळीवर आली.

आणि तेवढें पाणी आंत जाण्यास वेळ किती लागतो? असेंच १२०० घन सेंटिमीटरांचें इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत पूर्ण मोकळ्या श्वासानें चालत असेल, तर तें सेकंदास वीस लिटर हवा ओढतें. त्याच्या नाकाशीं पाणी पोंचलें कीं हवेच्या जागीं पाणी ओढलें जाणार, आणि विचार करण्यास सवड मिळणार नाहीं. हें नाकहि कोठें असतें तें पाहण्यासारखें आहे. थंड हवा दाट असते, तिच्यांत प्राणवायु अधिक. म्हणून आधुनिक गाड्यांत हवा घेण्याचें तोंड बहुधा पुढच्या जाळीमागें किंवा दिव्याच्या आसपास, गार वारा लागेल असें ठेवितात. पुरुषाच्या मांडीइतकें पाणी तेथें पोंचण्यास पुरें होतें. शिवाय गाडी वेगानें पाण्यांत घातली तर ती आपल्यापुढें लाट उभी करते. समोरून ट्रक आला तर त्याची लाट वेगळीच. मालकानें पाण्याची खोली डोळ्यांनीं गुडघाभर मोजलेली असते, इंजिनास ती कंबरभर लागते.

येथें कोणी विचारील कीं, पूर्वी काय गाड्या पाण्यांतून जात नव्हत्या? जात होत्या, विदर्भांत तर त्यांस दुसरी गतीच नव्हती. आमच्या लहानपणीं ठिकठिकाणीं ओढ्यांवर पूल नव्हते, रपटे होते. पावसाळ्यांत रपट्यावरून पाणी वाहूं लागलें कीं मोटारी, बसगाड्या दोन्ही तीरांस रांगेनें थांबत. उतारू खालीं उतरून शेंगा खात, आणि क्लीनर काठी घेऊन पाण्यांत पुढें चालत जाई. पाणी त्याच्या गुडघ्यावर गेलें तर ड्रायव्हर बिडी पेटवून स्वस्थ बसे. अँबॅसडर किंवा फियाट गाडीवाला शहाणा असेल तर पंख्याचा पट्टा काढून ठेवी. कारण इंजिनानें फिरणारा तो लोखंडी पंखा पाणी उडवून सगळ्या यंत्रावर शिंपडतो. जेथून ठिणगीची वांटणी होते त्या डिस्ट्रिब्यूटरवर मेणकापड गुंडाळीत. मग पहिल्या गिअरमध्यें, पाय न उचलतां, मुंगीच्या गतीनें पलीकडे जावयाचें. इतकेंहि करून गाडी मध्येंच बंद पडे. मग बैलजोडी येई, दोरखंड बांधून गाडी तीरावर ओढी, डिस्ट्रिब्यूटरचें झांकण कोरड्या फडक्यानें पुसलें जाई, आणि गाडी पुन्हां चालूं लागे.

या बंद पडण्यांतच त्या गाड्यांचें रक्षण होतें, ही गोष्ट मला फार उशिरा समजली. जुन्या गाडीची ठिणगी इतकी नाजूक कीं, चार थेंब पाणी उडालें तरी ती विझावी. ठिणगी विझली म्हणजे इंजिन थांबलें; आणि थांबलेलें इंजिन पाणी ओढीत नाहीं. गाडी निकामी दिसे, मालक चरफडे, पण आंतले दांडे सरळ राहत. पुढें इसवी सन २०००च्या आसपास धुराचे नवे नियम लागूं झाले आणि कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारीं इंजिनें आपल्याकडे सर्वत्र आलीं. त्यांची ठिणगीची योजना बंदिस्त, पंखा विजेवर चालणारा, तारा रबरानें मढविलेल्या. पाणी उडालें तरी तें इंजिन डगमगत नाहीं. त्यास अडविणारें दुर्बळ असें कांहीं उरलेंच नाहीं. तें शेवटच्या श्वासापर्यंत चालत राहतें, आणि तो शेवटचा श्वास पाण्याचा असतो. डिझेलची गोष्ट तर याहून पुढची. त्यास ठिणगी मुळांतच नाहीं. म्हणून तें भिजून विझण्याचा प्रश्नच येत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत हा प्रश्न सैन्यापुढें मोठ्या प्रमाणावर आला होता. १९४४ सालच्या जूनच्या ६ तारखेस दोस्तांचीं सैन्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलीं, तेव्हां जीप व लष्करी ट्रक नौकांतून थेट समुद्राच्या पाण्यांत उतरवावयाचे होते. त्यांच्या विजेच्या भागांस दाट वंगणाचे लेप दिले, आणि हवा घेण्याच्या व धूर सोडण्याच्या नळ्या उंच करून पाण्याच्या वर नेल्या. केवळ ठिणगी कोरडी ठेवून भागत नाहीं, नाकहि उंच पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें. आमच्या शहरी मोटारींस ठिणगी कोरडी ठेवण्याची विद्या मिळाली, नाक मात्र होतें तेथेंच राहिलें.

मुंबईनें हा धडा आपल्या आधीं घेतला. २००५ सालच्या जुलैच्या २६ तारखेस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकांनीं रस्त्यावरच गाड्या सोडून दिल्या. ज्यांनीं सोडल्या नाहींत, त्यांपैकीं कांहीं जणांचा विजेवर चालणाऱ्या कांचा उघडतां न आल्यामुळें आंतच गुदमरून अंत झाला. गाडी बंद पडतांच प्रथम कांच खालीं करावी, विजेचा भरंवसा धरूं नये. गाडी मागाहून वांचवितां येईल. हें मी येथेंच सांगून टाकतों, कारण तें इंजिनाच्या गोष्टीहून अधिक महत्त्वाचें आहे.

आतां नागपूरच्या पाण्याविषयीं थोडें बोललें पाहिजे. ज्या अंबाझरीनें ही रात्र दाखविली, तिच्यापासूनच हिंदुस्थानांतील पाऊसपाण्याच्या गणितास एक आरंभ झाला, हें फार थोड्या नागपूरकरांस ठाऊक असेल. १८७० च्या सुमारास शहरास नळाचें पाणी देण्यासाठीं अंबाझरीचा बांध वाढविण्यांत आला. त्या कामावर अलेक्झांडर बिनी नांवाचा इंग्रज इंजिनिअर होता. हाच गृहस्थ पुढें लंडनच्या कौंटी कौन्सिलचा मुख्य इंजिनिअर झाला, आणि थेम्स नदीखालचा ब्लॅकवॉलचा बोगदा त्याच्या देखरेखीखालीं १८९७ सालीं खुला झाला. परंतु पाटबंधाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकांत त्याचें नांव उरलें तें नागपूरमुळें. १८६९ ते १८७२ या काळांत त्यानें नागपूरजवळच्या सुमारें सोळा चौरस किलोमीटरांच्या एका पाणलोटांत किती पाऊस पडतो आणि त्यांतला किती वाहून जातो, याचें मोजमाप केलें. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर असेल तर शेंकडा १५ भाग वाहून जातो. १००० असेल तर ३८, आणि ११०० असेल तर ४०. बाकीचें पाणी भूमि पिते, झाडें पितात, ऊन पितें. विदर्भ व मध्यप्रदेशांत हीं बिनीचीं कोष्टकें तलावांच्या आंखणीसाठीं दीर्घकाळ वापरण्यांत आलीं.

या आंकड्यांतला मर्म असा कीं, पाऊस जितका अधिक, तितका वाहून जाणारा हिस्सा वाढत जातो. जून महिन्यांतली तहानलेली माती पहिल्या सरी गिळून टाकते. सप्टेंबरांत ती तृप्त झालेली असते आणि आलेलें पाणी जसेंच्या तसें पुढें ढकलते. २३ सप्टेंबरचा पाऊस नेमका अशा मातीवर पडला. सोळा चौरस किलोमीटरांवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे सोळा लक्ष घनमीटर पाणी, लिटरांत सांगावयाचें तर एकशें साठ कोटी. बिनीच्या काळीं त्या पाणलोटांत काळी माती, गवत व झुडपें होतीं. आज तलावाखालीं नदीच्या दोन्ही तीरांवर घरें, भिंती, सिमेंटचे रस्ते आहेत. त्यांस पाणी पितां येत नाहीं. नदीचें पात्र अरुंद झालें तें निराळेंच. सांडव्यासमोर उभारलेल्या स्मारकावरून जो वाद झाला तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. त्यांत मी शिरत नाहीं. एवढें मात्र म्हणतों कीं, दीडशें वर्षांपूर्वी ज्या गांवांत पावसाचा थेंब न् थेंब मोजला गेला, त्या गांवानें नदी किती मागते याचा हिशेब ठेवण्यांत आळस केला.

परत आमच्या शेजाऱ्यांकडे येतों. त्यांच्या गाडीचा विमा होता. विम्याच्या कागदावर पूर व जलप्रलय यांमुळें होणारें नुकसान भरून देण्याचें वचन असतें. परंतु त्याच कागदावर खालीं एक ओळ असते, ती अशी कीं, यांत्रिक बिघाड व मूळ घटनेचा मागाहून होणारा परिणाम यांची भरपाई मिळणार नाहीं. साऱ्या भांडणाचें मूळ या दोन ओळींच्या मध्यें आहे. पाणी गाडींत शिरलें हा पूर. त्याबद्दल आसनें, गालिचा, विजेचे भाग यांचे पैसे मिळाले. पण दांडा मोडला तो कशानें? पाहणीस आलेल्या गृहस्थांचें म्हणणें पडलें कीं, दांडा पुरानें मोडला नाहीं, किल्ली फिरविल्यानें मोडला. पूर तर गाडी उभी असतां आला आणि गेला. शेजारी म्हणाले, पूर आला नसता तर किल्लीनें काय केलें असतें? दोन्ही वाक्यें खरीं आहेत, आणि कोर्टांत अशीं दोन खरीं वाक्यें वर्षानुवर्षें एकमेकांसमोर उभीं राहूं शकतात. इंजिनापुरता वेगळा विमा अधिक पैसे भरून घेतां येतो, हें त्यांस तेव्हां कळलें. तो घेण्याविषयीं कोणी सांगितलें नव्हतें, आणि छापील कागद कोण वाचतो? मी जन्मभर मुलांस प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना वाचा म्हणून सांगत आलों. माझ्या घरच्या विम्याचा कागद मींहि त्याच आठवड्यांत प्रथम वाचला.

शेजाऱ्यांनीं मला एक शब्दानें दोष दिला नाहीं. "तुम्हीं नसतें सांगितलें तरी मीं किल्ली फिरविलीच असती," असें ते म्हणाले. तें खरेंहि असेल. पण पुढचे तीन महिने त्यांच्या पत्नीस दवाखान्यांत जाण्यासाठीं रिक्षा शोधावी लागे, तेव्हां मला खिडकीशीं उभें राहवत नसे.

गाडीचें दुसरें इंजिन बांधून घेतलें तें एका जुन्या मिस्त्रीच्या गॅरेजांत. त्याच्याकडून मला जें करावयास हवें होतें तें कळलें, तें येथें सांगतों. बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवावयाची नाहीं. प्रथम बॅटरीची तार काढावयाची, म्हणजे कोणा उत्साही माणसाच्या हातूनहि ती फिरणार नाहीं. गाडी ढकलत किंवा उचलून न्यावयाची. गिअरमध्यें घालून ढकलणें हें किल्ली फिरविण्यासारखेंच. मग हवेच्या गाळणीचें झांकण उघडून आंतला कागद ओला आहे का तें पाहावयाचें. ओला असेल तर पाणी आंत गेलें असें धरून चालावयाचें. स्पार्क प्लग काढून घेतले म्हणजे प्रत्येक नळकांड्याच्या डोक्यावर एक भोंक मोकळें होतें. त्यानंतर इंजिन हातानें फिरविलें असतां पाणी त्या भोंकांतून पिचकारीसारखें बाहेर उडतें आणि कोणास इजा होत नाहीं. आगगाडीच्या ड्रायव्हरच्या तोट्या त्या याच! डिझेलला प्लगऐवजीं फवारे काढावे लागतात. तेलाचा रंग दुधाळ चहासारखा झाला असेल तर तेंहि पाणीच. हें सारें झाल्यावरहि प्रत्येक नळकांड्याचा दाब मोजावयाचा. एखाद्याचा कमी भरला तर तेथला दांडा आंखूड झाला, म्हणजे वांकला, असें समजावें. अशी गाडी चालते, खटखट करीत महिना-दोन महिनेहि चालते, आणि मालकास वाटतें कीं आपण वांचलों.

तो वांकडा दांडा पाहावयास मी गेलों होतों. मोडलेल्या दांड्याचे तर तुकडे झाले होते. पण त्याच इंजिनांतला शेजारचा दांडा साबूत निघाला. हातांत घेऊन पाहिला, मला तो सरळ वाटला. मिस्त्रीनें हंसून तो कांचेच्या तुकड्यावर एका नव्या दांड्याशेजारीं ठेविला आणि मागें दिवा धरला. जुन्याच्या पोटाखालून नखाएवढी प्रकाशाची फट दिसली. तो दांडा त्यानें टाकला नाहीं. तो कांचेचा तुकडा आणि ते दोन दांडे त्याच्या फळीवर असतात. पावसाळ्यांत कोणी चिखलानें माखलेली गाडी ओढून आणतो आणि "मिस्त्री, एकदां लावून पाहूं का?" असें विचारतो, तेव्हां तो उत्तर देत नाहीं, आधीं फळीवरून कांच खालीं काढतो.